तुमच्या नावावरचे चाळीस फॉर्म

कादर सर,

कब्रस्तानाच्या वहीत तुमचं वय पंच्याऐंशी लिहिलं गेलं. मी टेबलापासून दोन हातांवर उभा होतो. वही लिहिणाऱ्यानं मान वर न करता "उमर?" विचारलं. तुमचे जावई क्षणभर झाडाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पच्यासी के आसपास." त्यानं पंच्याऐंशी लिहिलं. आसपास लिहिलं नाही.

मला बोलता आलं असतं. शून्यावर किंवा पाचावर संपणारं वय विचारलेलं नसतं, फेकलेलं असतं, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. पण ते बोलण्याचा हक्क मी चौदा वर्षांपूर्वी घालवला. तिथं जमलेल्यांत हे फक्त मला माहीत होतं. तुम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं, हे मला तिसऱ्या दिवशी तुमच्या मुलीकडून कळलं. शमीम चहाचा कप पुढे करत म्हणाली, "अब्बा आपकी बहुत इज्जत करते थे." मी रुमाल तोंडाला लावला. तिला वाटलं, मी रडतोय.

रडत नव्हतो, सर. मला माझीच किळस आली होती, आणि ती अजून गेलेली नाही.

पाचव्या दिवशी संस्थेनं तुमची शोकसभा घेतली. ज्या संस्थेनं आपल्याकडून ज्येष्ठांच्या पाहणीचं काम करून घेतलं, तीच. तुमच्या फोटोला हार, बाजूला संस्थेचा फलक, आणि फलक फोटोपेक्षा मोठा. अध्यक्ष बोलायला उठले. तुमच्याबद्दल त्यांना तीन वाक्यं ठाऊक होती, ती पहिल्या मिनिटात संपली. मग मागच्या पडद्यावर आपल्या अहवालातलं ते वाक्य उजळलं, जिल्ह्यातले बहुसंख्य ज्येष्ठ कुटुंबासोबत राहतात असं सांगणारं. त्या वाक्यात एक आकडाही आहे. तो इथं लिहून मी त्याला आणखी आयुष्य देणार नाही. अध्यक्ष म्हणाले, "हा आकडा कादर सरांनी उन्हातान्हात फिरून आणला आहे. हेच त्यांचं खरं स्मारक." टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत एवढंही कुणाला आठवलं नाही. वाजवणाऱ्या हातांत माझेही दोन हात होते.

म्हणून हे लिहितोय. तुम्हाला उद्देशून, पण सगळ्यांनी वाचावं म्हणून.

*

मी तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तो पुस्तकांना विटून. वृद्धांच्या लोकसंख्येवर अहवाल लिहायचं काम मी मोठ्या उत्साहानं घेतलं होतं. मला वाटलं होतं, ग्रंथालयात महिनाभर बसलं की आकडे मिळतील. मिळाले, पण कसे? एका प्रबंधात एक आकडा होता, खाली दुसऱ्या प्रबंधाचा हवाला. दुसरा काढला तर त्यात तिसऱ्याचा. तिसऱ्यात एका परिसंवादाच्या स्मरणिकेचा, आणि स्मरणिकेत त्या पहिल्याच प्रबंधाच्या लेखकाचं भाषण. आकडा गोल फिरून स्वतःच्याच शेपटीशी आला होता, आणि मुळाशी कुणी कुणाच्या दारात गेलेलं नव्हतं. एका ठिकाणची छपाईची चूकसुद्धा पुढच्या चौघांनी जशीच्या तशी उतरवून घेतली होती. सरकारी कार्यालयात गेलो तर तिथल्या बाबूनं मला धुळीचं एक पुस्तक दिलं. त्याची पानं कापलेलीसुद्धा नव्हती. छापल्यापासून ते उघडलेलंच नव्हतं.

तेव्हा महाविद्यालयातला शिपाई म्हणाला की शहागंजात एक निवृत्त हेडमास्तर राहतात, सोयगाव तालुक्यात त्यांची उभी नोकरी झाली, जनगणनेचं काम त्यांच्याइतकं कुणी केलेलं नाही. घड्याळ दुरुस्तीच्या दुकानावर तुमची खोली होती. जिना इतका अरुंद की वरून कुणी येत असेल तर खालच्यानं थांबायचं. मी पुस्तकांची रड सांगितली. तुम्ही ती पूर्ण ऐकून घेतली आणि पलंगाखालून एक जुनी हजेरीवही काढली.

वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर तुमची खुणांची यादी होती. गावात पहिली एसटी आली ते वर्ष. देवीची लस टोचणारा आला ते. वीज आली ते, बहात्तरचा दुष्काळ, आणि सगळ्यांच्या वर अठ्ठेचाळीसचं, निजामाचं राज्य संपवणारं पोलीस ॲक्शन. म्हाताऱ्या माणसाला वय विचारायचंच नाही, ही तुमची पद्धत. पोलीस ॲक्शनच्या वेळी दुधाचे दात पडले होते का, विचारायचं. गुरांमागं एकटं जायची का, की अजून आईच्या मागं मागं असायची? लस टोचली तेव्हा लेक कडेवर होती की पोटात? अशा चार खुणा जुळल्या की वय आपोआप बाहेर यायचं, आणि ते सदुसष्ट, एकाहत्तर, त्र्याहत्तर असं यायचं. क्वचितच गोल.

"एवढा कुटाणा कशासाठी करता?" मी विचारलं होतं.

"पापं फेडतोय," तुम्ही हसत म्हणालात. "हेडमास्तर व्हतो ना. लेकरू नाव घालायला यायचं, बापाला जन्मतारीख ठाऊक नसायची. लिहा एक जून. शाळा सुरू व्हायच्या हिशेबात वय बरोबर बसायचं. अर्ध्या तालुक्याचा वाढदिवस एका दिवशी केला मी. माझा बी एक जूनच. माझ्या हेडमास्तरानं केलेला."

तेव्हा मी हसलो होतो. पुढं कळलं, तुम्ही तितकंसं हसत नव्हता.

*

संस्थेचे फॉर्म घेऊन आपण दोघं घरोघर फिरू लागलो तेव्हाची, सोयगावकडची ती म्हातारी तुम्हाला आठवत असेलच. तिचा मुलगा चौकटीला टेकून उभा, सून आत दाराआड. फॉर्मवरचा प्रश्न होता, कुणासोबत राहता? म्हातारी लगेच म्हणाली, "मला काय कमी हाय बाबा. ल्योक हाय, सून हाय, नातवंडं हायती." मी 'कुटुंबासोबत' या चौकोनात खूण केली आणि पान उलटलं. तुम्ही मात्र पाणी मागितलं. सून पेला घेऊन निघाली तर तुम्ही म्हणालात, "आजी, तुमच्या हातचं द्या की."

म्हातारी उठली. ती घरात गेली नाही. गोठ्याच्या कडेला चार पत्रे टाकले होते, तिकडं गेली. तिथं तीन दगडांची चूल होती, एक तवा, एक डेरा, एक पेला. त्यातलं पाणी तिनं आणलं. मुलगा जमिनीकडे बघत होता. तुम्ही सावकाश पाणी प्यालात, चांगलं गार आहे म्हणालात, आणि फॉर्मच्या समासात पेन्सिलीनं एक टिंब दिलंत.

परतीच्या एसटीत मी विचारलं की हे तुम्हाला सुचलं कसं. तुम्ही खिडकीकडे तोंड करून सांगितलंत.

"सुचायला काय लागतंय? शिरगणतीला गावं फिरलो. काही घरांत मला पाणी यायचं ते कान तुटलेल्या कपात. तो कप कोनाड्यात पालथा असायचा, माझ्यासारख्याची वाट बघत. येगळं भांडं मला अंगणातूनच दिसतंय, प्राध्यापक."

मला प्राध्यापक म्हणताना तुमच्या आवाजात नेहमी एक चिमटा असायचा. त्या दिवशी तो नव्हता.

त्याच प्रवासात मी धीर करून विचारलं होतं की पोलीस ॲक्शनच्या वेळी तुम्ही केवढे होता. ती खूण तुम्ही शेकडो लोकांना विचारली होती. एका घरात त्या महिन्याला मुक्ती म्हणत, आणि दोन घरं सोडून तुमच्या भाईबंदांच्या घरात त्याच महिन्याला नावच नसायचं, नुसतं 'तव्हा' म्हणायचे. दोन्ही घरांत तुम्ही सारख्याच आवाजात विचारायचा. मला तुम्ही उत्तर दिलंत ते एवढंच: "बापाच्या खांद्यावर बसायचं वय उलटून गेलं व्हतं. तरी बसलो व्हतो." दहा-अकरा वर्षांच्या मुलाला बाप खांद्यावर घेऊन निघतो तेव्हा तो कुठून निघालेला असतो, कुठं जातो, हे विचारायला हवं होतं. आज तुमच्या वयाचा तेवढाच एक खरा पुरावा माझ्याकडे आहे, आणि कब्रस्तानातल्या त्या टेबलापाशी मी तोही खिशात ठेवला.

*

आता माझ्या कामाकडे येतो.

सोयगावकडचे आणि शहरातले फॉर्म झाले. राहिली लासूर स्टेशनची चाळीस घरं. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. दोन आठवडे थांबा, डोळ्यांवरची पट्टी निघाली की मी जातो, असं तुम्ही म्हणालात. मी हो म्हणालो. चार दिवसांनी अध्यक्षांचा निरोप आला की ज्येष्ठांचा सत्कार ठरलाय, मंत्री येणार आहेत, अहवाल त्याच मंचावर हवा.

मी लासूरच्या एका ओळखीच्या आडत्याला फोन केला. त्यानं मालाच्या बोलीसारखी भराभर चाळीस म्हाताऱ्या माणसांची नावं सांगितली. ती घेऊन मी दोन दुपारी जेवणाच्या टेबलावर बसलो आणि चाळीस फॉर्म भरले. वय माझ्या मनानं. मुलं माझ्या मनानं. कुणासोबत राहता: कुटुंबासोबत, कुटुंबासोबत, कुटुंबासोबत. दर चार-पाच फॉर्मांनंतर एखादं 'एकटे' टाकायचो, म्हणजे खरं दिसेल. ते 'एकटे' लिहिताना मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं, हे आज लिहिताना हाताला घाण लागल्यासारखं होतंय. खाली 'माहिती घेणाऱ्याचे नाव' असा रकाना होता. तिथं तुमचं नाव लिहिलं आणि तुमची सही केली. तुमच्या सहीतला शेवटचा झोका मला पहिल्याच प्रयत्नात जमला. त्या वेळी तुम्ही शहागंजात डोळे बांधून पडला होता.

टिंबांचंही तेच. पाणी कुणाच्या हातून आणि कुठल्या भांड्यातून आलं याचा मी अहवालात वेगळा रकाना केला होता. एकाच छपराखाली दोन चुली असलेली घरं त्यात दिसत होती, आणि बरीच दिसत होती. अध्यक्षांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "ही कुठली भानगड? जिल्ह्याची बदनामी करायचीय का? पाण्याच्या पेल्यावरून कुणी संशोधन करतं का?" मी म्हणालो की हो, तसं ते थोडं अशास्त्रीयच आहे. अशास्त्रीय हा शब्द माझा आहे, सर. त्यांना तो सुचला नव्हता. मी तो पुरवला.

सत्काराला तुम्ही हिरव्या पट्टीसह आला होता. म्हाताऱ्यांना मांडवाबाहेर उन्हात रांगेनं बसवलं होतं, मंत्री तीन तास उशिरा आले तोवर. प्रत्येकाच्या छातीवर कागदी फूल. एका आजोबांना लघवीला जायचं होतं. एक कार्यकर्ता त्यांना दर वेळी खांद्यानं दाबून बसवत होता, फोटो व्हायचाय, थांबा म्हणून. शेवटी त्यांचं धोतर ओलं झालं, आणि ओल्या धोतरावर त्यांना शाल पांघरली. त्याच मंचावरून मी आपल्या संस्कृतीत ज्येष्ठांचं स्थान या विषयावर बोललो. तुम्हाला पट्टीमुळे दिसलं नसेल असं मी धरून चाललो होतो.

*

महिन्याभरानं तुम्ही मला खोलीवर बोलावलंत. अहवाल तुमच्या मांडीवर होता आणि लासूरच्या फॉर्मांचा गठ्ठा पलंगावर. तो तुम्ही संस्थेतून मागून आणला होता.

"प्राध्यापक, लासूरची माणसं लई शिस्तीची दिसत्यात," तुम्ही सुरुवात केलीत. "साठ, पासष्ट, सत्तर, पंच्याहत्तर. सगळ्यांच्या आया ठरवून पाच-पाच वर्षांनी बाळंत झाल्या का?"

मी गठ्ठ्याच्या कडा सारख्या करू लागलो.

"माझ्या हातून असलं वय येत नाय. एखाद-दुसरं येईल. चाळीसच्या चाळीस नाय येत." मग गठ्ठ्यातला एक फॉर्म वर काढलात. "काल लासूरला गेलतो. हे सत्तर वर्षांचे गृहस्थ कुटुंबासोबत राहत्यात म्हणून लिहिलंय. दोन वर्षं झाली त्यांना जाऊन. त्यांच्या सुनंनं मला पाणी दिलं. तिला वाटलं, मी पेन्शनचं कायतरी घेऊन आलो."

त्यानंतर विचारलंत, "माझे डोळे बांधलेले व्हते तव्हा सही कुणी केली?"

"मी."

"बरी जमली."

तुम्ही ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. मी मुदतीचं सांगितलं, मंत्र्याचं सांगितलं. आणि मग, सर, मी जे बोललो ते आठवलं की आजही अंगावर पाल पडल्यासारखं होतं. मी म्हणालो की चाळीस फॉर्मांनी निष्कर्ष काही बदलत नाही, आपल्याकडे म्हातारी माणसं घरातच असतात, आता माझीच आई बघा, माझ्यासोबतच राहते की.

तुम्ही चष्मा पुसत होता. तो पुसून झाला, घालून झाला.

"मी तुमच्या घरी आलतो, कोरे फॉर्म न्यायला. तुम्ही कॉलेजात व्हता. आईंनी पाणी दिलं," तुम्ही म्हणालात. "तुमच्या घरात मला येगळा पेला नाय मिळाला. तुमच्या आईचा मिळाला."

बस, एवढंच. आईला जुना खोकला होता. डॉक्टरांनी एकदा काही सांगितलं म्हणून तिचा पेला, ताट, वाटी वेगळी केली होती. खोकला गेला, भांडी वेगळीच राहिली. ती मागच्या गॅलरीला लागलेल्या खोलीत जेवायची. पेल्यावर तिचं नाव कोरलेलं होतं, ते तिच्या लग्नातलं. पण आता त्या नावाचा उपयोग तो पेला आमच्या पेल्यांत मिसळू नये एवढाच उरला होता. हे सगळं मला दिसत होतं का? दिसत होतं. बायकोवर ढकलायची सोय मी करून ठेवली होती. तीही खोटी. ते ताट वेगळं करा असं डॉक्टरांकडून आल्या दिवशी मीच म्हणालो होतो, आणि पुन्हा एकत्र करा असं कधीच म्हणालो नाही.

मी उठलो. जिन्यात तुम्ही मागून हाक मारलीत. मला वाटलं, आता सुनावतील. तुम्ही म्हणालात, "माझं नाव काढा फकस्त. बाकी तुमचं तुम्ही बघा."

दुसऱ्या आवृत्तीत काढतो, असं मी म्हणालो. दुसरी आवृत्ती निघाली. तिसरीही निघाली, गुळगुळीत कागदावर. तुमचं नाव आधी आतल्या पानावर होतं, तिसऱ्या आवृत्तीत ते कव्हरवर गेलं, कारण अध्यक्षांना वाटलं की मुस्लिम नाव असलेलं बरं दिसतं. हे त्यांनी मला हसत सांगितलं आणि मीही हसलो. तुम्ही ती आवृत्ती पाहिलीत की नाही, मला माहीत नाही. ईदला मी येत राहिलो, शीरखुर्मा खात राहिलो. तुम्ही नेहमी विचारायचा, "आई कशा हायेत?" आणि मी बरी आहे म्हणायचो. त्या प्रश्नाला दर वर्षी मी तेच उत्तर दिलं, आणि तुम्ही दर वर्षी ते ऐकून घेतलंत. नाव काढलं का, असं मात्र पुन्हा एकदाही विचारलं नाहीत. हे मी तेव्हा तुमचा मोठेपणा समजलो. आता वाटतं, माझ्याकडून काही होईल ही आशाच तुम्ही सोडली होती.

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीचा शोधनिबंध माझ्याकडे तपासायला आला. त्यात तो आकडा होता. खाली हवाला दुसऱ्याच एका पुस्तकाचा. मी तिला जोरात झापलं, मूळ स्रोत शोधल्याशिवाय आकडा वापरायचा नाही म्हणून. ती बिचारी आठ दिवस ग्रंथालयात बसली आणि शोधून आली. म्हणाली, "सर, सापडला. मूळ तुमच्याच अहवालात आहे. कादर सरांनी प्रत्यक्ष घरोघर जाऊन गोळा केलेला." तिच्या चेहऱ्यावर किती आनंद होता! मी म्हणालो, छान. बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिलो.

*

शोकसभेनंतर मी संस्थेला पत्र दिलं. लासूर स्टेशनचे चाळीस फॉर्म मी घरी बसून भरले, कादर सरांची सही मी केली, तो आकडा मागं घ्यावा आणि त्यांचं नाव काढावं, असं लिहिलं. सोबत चाळीसही नावं जोडली. एक प्रत ग्रंथालयांना, एक त्या विद्यार्थिनीला. अध्यक्षांचा लगेच फोन आला. "अहो, माणूस गेला. आता कोण विचारतंय? तुम्हाला निवृत्तीला किती वर्षं राहिलीत?" मी म्हणालो की विचारणारा गेला म्हणूनच सांगतोय. ते म्हणाले की तुमची तब्येत बरी दिसत नाही. माझी तब्येत बरी नाहीच. पण हे धैर्य आहे असं कृपा करून समजू नका, सर. तुमच्या समोर हे पत्र द्यायची माझी छाती झाली नाही. तुम्ही गेल्यावर झाली. यात धैर्य किती आणि सोय किती, ते तुम्ही बरोबर ओळखलं असतं.

शमीमनं मला तुमची हजेरीवही दिली. म्हणाली की आमच्यात कुणाला याचं काही कळत नाही, तुम्ही ठेवा. ती वही घ्यायला मी नालायक आहे, हे सांगायला तोंड उघडलं आणि वही घेतली.

तिच्यात चौघडी केलेला एक फॉर्म निघाला. चौदा वर्षांपूर्वीचा, पिवळा पडलेला. वर तुमच्या अक्षरात माझ्या आईचं नाव. वय रिकामं. कुणासोबत राहता, तेही रिकामं. समासात तुम्ही पेन्सिलीनं टिंब दिलं होतं आणि मग ते खोडलं होतं. नुसतं पुसलेलं नव्हतं, रबर इतका फिरवला होता की तिथला कागद उजेडासमोर धरला तर पलीकडचं दिसत होतं.

आपल्या सगळ्या गठ्ठ्यांत, त्या सगळ्या गावांत, तुम्ही कधी काही खोडलेलं मी पाहिलं नाही. माझ्यासाठी खोडलंत. मला वाचवायला तुम्ही तुमच्या वहीत एक खोटं केलंत, आणि मी तुमच्या नावावर चाळीस केली. मला तुमचा रागही आला, खरं सांगतो. ते टिंब ठेवायला हवं होतं.

काल दुपारी तो फॉर्म घेऊन मी आईच्या खोलीत गेलो. ती पलंगावर बसून लसूण सोलत होती. मी तिला वय विचारलं नाही. विचारलं की पोलीस ॲक्शनच्या वेळी तू केवढी होतीस.

"तव्हा माझे वरचे दोन दात पडले व्हते," ती म्हणाली. "बोलताना वारा जायचा. अण्णा मुद्दाम मला सासू म्हणायला लावायचे अन् हसायचे." मग माझ्याकडे बघून, "आज काय नवीन? कधी बसत नाहीस इथं."

मी खुणा जुळवल्या. लस, लग्न, दुष्काळाच्या वर्षी झालेला माझा जन्म. वय त्र्याऐंशी निघालं. मी त्र्याऐंशी लिहिलं आणि पुढं 'आसपास' असं लिहिलं.

मग पाणी मागितलं.

आई उठली. स्वयंपाकघर सहा पावलांवर आहे, तिकडं ती वळली नाही. खिडकीत तिचा तांब्या होता, पालथा घातलेला पेला होता. तिनं पेला सुलटा केला, पदरानं आतून पुसला, पाणी ओतलं. देता देता थांबली आणि म्हणाली, "हा माझा हाय बरं का. चालंल का तुला?"

मी प्यालो. गार होतं.

तुम्ही खोडलंत त्याच जागी टिंब द्यायला गेलो तर पेन्सिलीचं टोक कागदातून आरपार गेलं. म्हणून जरा बाजूला दिलं. कुणासोबत राहता, या प्रश्नापुढं 'एकटी' लिहिलं. आईनं विचारलं, काय लिहितोस रे. मी तिला वाचून दाखवलं. तिनं ऐकलं, पुन्हा लसणाची पाकळी हातात घेतली आणि म्हणाली, "ते कादर मास्तर मला हेच इचारत व्हते. मी त्यांना सांगितलं, लेकासंगट राहती म्हणून लिव्हा."

खाली 'माहिती घेणाऱ्याचे नाव' हा रकाना होता. तिथं तुमचं नाव नाही, सर. माझं आहे, आणि सहीही माझीच आहे.